'वय झालंय' म्हणण्याआधी : साडेबारा वर्षांच्या ब्रूनोविषयी

प्रश्न : आमचा लॅब्रॅडॉर ब्रूनो साडेबारा वर्षांचा असून त्याचे वजन ३८ किलो आहे. आम्ही पुण्यात कोथरूडला, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. गेल्या चार-पाच महिन्यांपासून तो हॉलच्या टाइल्सवर घसरतो, जिना चढताना मध्येच बसून राहतो, रात्री दोन-अडीचला उठून धापा टाकत घरभर फिरतो आणि सकाळी दाराजवळ लघवी केलेली आढळते. त्याचे भुंकणेही घोगरे झाले आहे. मागच्या आठवड्यात चार वर्षांचा नातू त्याच्या गळ्यात पडला तेव्हा तो आयुष्यात प्रथमच गुरगुरला. सगळे म्हणतात, वय झालंय, चालायचंच. माझ्या यजमानांच्या गुडघेदुखीची अर्धी गोळी दिली की एक-दोन दिवस तो जरा बरा चालतो. त्याचे उरलेले दिवस सुखाचे जावेत म्हणून काय करावे, आणि 'आता पुरे' हे कसे ओळखावे?

उत्तर : बाकीचे विषय सावकाश पाहता येतील, पण यजमानांच्या गोळीचा विषय आजच संपवायला हवा. ती गोळी ब्रूनोला पुन्हा देऊ नका. गुडघेदुखीसाठी माणसांना मिळणाऱ्या बहुतेक गोळ्यांत डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन यांपैकी काहीतरी असते, पुष्कळदा जोडीला पॅरासिटामॉलही असते. कुत्र्याच्या शरीरात ही औषधे माणसापेक्षा फार वेगळी वागतात. जठराच्या अस्तराला व्रण पडतात, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटतो, आणि हे सारे घडत असताना दुखणे दबलेले असल्यामुळे कुत्रा वरकरणी खुशीतच दिसतो. त्याची शी डांबरासारखी काळी आणि चिकट होत असेल, उलट्या होत असतील किंवा तो जेवण टाकत असेल, तर हे उत्तर पुढे वाचत बसू नका, त्याला आधी जवळच्या पशुवैद्याकडे न्या. डायक्लोफेनॅकशी आम्हा पशुवैद्यांचे जुने वैर आहे. हे औषध टोचलेली गुरे मेल्यावर त्यांचे मांस खाऊन देशातील गिधाडे नामशेष होत आली, म्हणून २००६ साली जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांच्यासाठी इथेच सांगून ठेवतो की पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. दुखण्यावरची मलमेही लावू नका, कारण कुत्रा ती चाटून काढतो आणि जे पोटात जाऊ नये म्हणून आपण मलम निवडले तेच पोटात जाते. मात्र त्या अर्ध्या गोळीने नकळत एक उत्तर देऊन ठेवले आहे. ती दिल्यावर ब्रूनो बरा चालतो, याचा अर्थ त्याला दुखते आहे.

'वय झालंय' या दोन शब्दांवर माझा राग आहे, आणि तो राग आधी स्वतःवरचा आहे. दवाखाना सुरू करून दुसरेच वर्ष असताना माझ्याकडे अकरा वर्षांची एक पॉमेरेनियन कुत्री आणली होती. ती बशी हुंगून मागे सरायची, कोणी हात लावला की चिडायची, दिवसभर पलंगाखाली बसायची. मी तिची छाती तपासली, ताप पाहिला, टॉनिक लिहून दिले आणि हेच दोन शब्द उच्चारून त्या घरच्या आजींना परत पाठवले. सात-आठ महिन्यांनी दुसऱ्याच कारणासाठी तिला भूल द्यावी लागली, तेव्हा तिचे तोंड प्रथमच पूर्ण उघडून पाहता आले : वरची मोठी दाढ उभी चिरलेली आणि मुळाशी पू साचलेला. दाढ काढल्यानंतर तिसऱ्या दिवशी ती पलंगाखालून आपण होऊन बाहेर आली आणि पुढे अडीच वर्षे त्या घरात हिंडत राहिली. तेव्हापासून म्हातारा कुत्रा समोर आला की वय हे उत्तर मी यादीतून काढून टाकतो आणि उरलेली उत्तरे शोधतो. वयाबरोबर काही गोष्टी बदलतातच, पण बदललेल्या प्रत्येक गोष्टीच्या मागे कोणते ना कोणते इंद्रिय असते, आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक गोष्टींवर आपल्याला काही ना काही करता येते.

ब्रूनोच्या बाबतीत मला वरवर पाहता चार निरनिराळ्या गोष्टी एकत्र आलेल्या दिसतात : सांध्यांचे दुखणे, वाढलेली किंवा न आवरणारी लघवी, रात्रीची अस्वस्थता आणि घशाचा प्रश्न. यांतल्या तीन एकमेकींत गुंतलेल्या असण्याचा संभव मोठा आहे, म्हणून सुरुवात सांध्यांपासून करू.

दवाखान्यात येणारे कुत्रे घाबरलेले असते आणि घाबरलेले कुत्रे लंगडत नाही. तुमच्यासारखी मंडळी काकुळतीला येऊन सांगतात की घरी पाय ओढतो आणि इथे मात्र टुणटुणीत चालतो, त्याचे कारण हेच आहे. म्हणून घरीच मोबाइलवर तीन चित्रफिती काढा : तो झोपेतून उठून उभा राहतानाची, कॅमेऱ्याकडे पाठ करून सरळ चालतानाची आणि जिन्याच्या पहिल्या चार पायऱ्या चढतानाची. उठताना तो पुढच्या पायांवर भार घेऊन मागचे शरीर ओढत असेल, तर दुखणे बहुधा खुब्यात, गुडघ्यात किंवा कंबरेच्या मणक्यांत आहे. मग त्याच्या मागच्या पंजांची मधली दोन नखे वरून बघा. ती नखे वरच्या बाजूने घासून सपाट झाली असतील, कधी टोकाला रक्तही दिसत असेल, तर तो पाऊल नीट उचलत नाही, पंजा मागच्या मागे दुमडून ओढतो आहे, आणि मग प्रश्न नुसत्या सांध्यांचा राहत नाही, मज्जातंतूंचाही होतो. एवढी एक खूण मला पुष्कळदा एक्स-रेच्या आधी अर्धी वाट दाखवते. मांड्यांवर दोन्ही हात ठेवून त्या खांद्यांच्या मानाने किती बारीक झाल्या आहेत हेही पाहा, कारण दुखणारा पाय कुत्रा वापरत नाही आणि न वापरलेला स्नायू काही आठवड्यांत झडू लागतो.

आता औषधाच्याही आधी करायची गोष्ट सांगतो, ती म्हणजे जमीन. आपल्याकडे घराचे नूतनीकरण करताना चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स बसवण्याची हौस असते, आणि मागचे पाय कमकुवत झालेल्या कुत्र्याला त्या टाइल्स पाणी सांडलेल्या काचेसारख्या असतात. एकदा सपशेल पाय फाकून पडलेला कुत्रा त्यानंतर प्रत्येक पाऊल जपून टाकतो, नखांनी जमीन पकडू पाहतो आणि नखांना टाइलवर पकड नसल्यामुळे आणखी घसरतो. पडण्याच्या भीतीने तो उठायचेच टाळू लागतो आणि घरचे म्हणतात की तो सुस्त झाला. त्याच्या झोपण्याच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत, तिथून जेवणाच्या जागेपर्यंत आणि दारापर्यंत असा एक सलग रस्ता तयार करा. सतरंजी किंवा चादर नको, ती स्वतःच सरकते. खालून रबर असलेली पायपुसणी एकाला एक लावून, किंवा स्वस्तातल्या योगा मॅट उभ्या कापून त्यांच्या पट्ट्या दुहेरी चिकटपट्टीने बसवा. दोन तुकड्यांमध्ये हातभर मोकळी टाइल राहिली तर म्हातारा कुत्रा त्या काठावर येऊन थबकतो, म्हणून रस्ता तुटू देऊ नका. माझ्याकडे येणाऱ्या एका कुटुंबाने हा रस्ता टाकल्यावर तिसऱ्याच दिवशी फोन करून विचारले की गोळी इतक्या लवकर लागू पडते का. गोळी त्यांनी अजून आणलीसुद्धा नव्हती.

नखे दर दोन-तीन आठवड्यांनी कापा आणि पंजाच्या गाद्यांमध्ये वाढलेले केस बोथट कात्रीने जमिनीच्या पातळीला आणा. लांब नखांमुळे पंजा मागे रेलतो, गादी जमिनीला पुरती टेकत नाही आणि घसरणे वाढते. कुत्रा टाइलवर चालताना टिकटिक असा आवाज ऐकू येत असेल तर नखे वाढली आहेत असे समजावे. झोपायला त्याला कोपरे बोचणार नाहीत इतकी जाड गादी हवी. आपल्या घरातल्या जुन्या गोधड्या यासाठी उत्तम, चार पदरी करून खाली मेणकापड आणि वर धुता येईल असे पांघरूण घातले की पुरे. पाण्याचे आणि जेवणाचे भांडे त्याच्या छातीच्या पातळीला येईल अशा पाटावर ठेवले तर मानेला आणि पुढच्या पायांना आराम पडतो.

जिना हा तुमच्या घराचा खरा पेच आहे. तीन मजले म्हणजे अंदाजे ५० ते ६० पायऱ्या, आणि दिवसातून तीन वेळा खाली-वर केले तर तीनशेच्या वर पायऱ्या होतात. दुखऱ्या खुब्यांसाठी हे फार झाले. ३८ किलोचे कुत्रे उचलून नेणे दोघांनाही जमणारे नाही आणि तुमच्या पाठीचाही विचार करायला हवा. जुन्या सुती साडीची चौपदरी रुंद पट्टी त्याच्या पोटाखालून, मागच्या पायांच्या अगदी पुढून घ्या आणि दोन्ही टोके वर धरून त्याच्या मागच्या भागाचे वजन आपल्या हातात घेत पायरीपायरीने चढवा. पट्टी नराच्या लघवीच्या जागेवर येणार नाही एवढे सांभाळा. बाजारात मूठ असलेले कंबरपट्टे मिळतात, ते अधिक सोयीचे आहेत. उतरणे चढण्यापेक्षा सोपे वाटते, परंतु उतरताना सगळा भार पुढच्या पायांवर आणि कोपरांवर येतो, म्हणून आधार दोन्ही वेळा द्या. खाली नेण्याच्या फेऱ्या दोनवर आणा आणि एरवीच्या लघवीसाठी गॅलरीत किंवा बाथरूमच्या कोपऱ्यात कृत्रिम गवताचा तुकडा अंथरून तिथे जाण्याची सवय लावा. बारा वर्षे घराबाहेर जाणाऱ्या कुत्र्याला घरात लघवी करणे लाजिरवाणे वाटते, असे मला अनेकांनी सांगितले आहे आणि मला त्यात तथ्य वाटते. त्याची खालची आवडती माती मूठभर आणून त्या तुकड्यावर टाकली तर सवय लवकर लागते.

दुखण्यावरची औषधे कुत्र्यांसाठी उत्तम आहेत आणि ती घाबरून टाळण्याचे कारण नाही. मेलॉक्सिकॅम किंवा त्याच गटातील कुत्र्यांसाठीचे दुसरे औषध सुरू करण्याआधी रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा घटक), यकृताची एन्झाइम्स आणि लघवीची तपासणी करून घ्यावी, औषध भरल्या पोटी द्यावे, पहिल्या महिन्यानंतर रक्त पुन्हा तपासावे आणि पुढे दर तीन ते सहा महिन्यांनी तपासत राहावे. या गटातील औषध स्टेरॉइडबरोबर कधीही द्यायचे नसते. यजमानांची शेवटची गोळी कोणत्या दिवशी दिली ते तुमच्या पशुवैद्यांना प्रामाणिकपणे सांगा, कारण मध्ये साधारण आठवडाभर खंड ठेवूनच नवे औषध सुरू करता येते आणि तोवर दुसऱ्या मार्गाने आराम देता येतो. मज्जातंतूंचे दुखणे असेल तर गॅबापेंटिन उपयोगी पडते. मात्र माणसांसाठीची द्रव औषधे परस्पर देऊ नका, त्यांपैकी काहींमध्ये झायलिटॉल ही गोडी असते आणि ती कुत्र्यांना विषासमान आहे. माशाच्या तेलातील ओमेगा-३ स्निग्धाम्लांचा सांध्यांना बऱ्यापैकी फायदा होतो. ग्लुकोसामाइनच्या महागड्या डब्यांविषयी माझे मत थंड आहे. दिल्याने नुकसान नाही, पण त्या पैशांत आधी पायपुसणी घ्यावीत.

आणि वजन. ३८ किलो हे बहुतेक लॅब्रॅडॉर नरांसाठी जास्त आहे, विशेषतः म्हातारपणी, जेव्हा स्नायू कमी होऊन त्या जागी चरबी आलेली असते. स्वतःचा हात पुढे धरा. बोटे सरळ ठेवून हाताच्या पाठीवरून दुसऱ्या हाताची बोटे फिरवल्यावर जसे लागते, तशा त्याच्या बरगड्या हाताला लागायला हव्यात. तळहातावरून फिरवल्यावर लागते तसे, म्हणजे मऊ मांसाखाली हाड शोधावे लागत असेल, तर तो जाड आहे. मुठीच्या टोकदार सांध्यांसारख्या बरगड्या लागल्या तर तो हडकुळा आहे. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावून एकाला दुसऱ्याच्या तुलनेत २५ टक्के कमी अन्न आयुष्यभर देण्यात आले होते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कमी खाणाऱ्या कुत्र्यांचे मध्यक आयुष्य (म्हणजे निम्मे कुत्रे ज्याच्या पुढे जगले ते वय) १३ वर्षे आणि भरपेट खाणाऱ्यांचे ११.२ वर्षे निघाले, आणि संधिवाताचे उपचारही त्यांना सुमारे तीन वर्षे उशिरा लागले. ब्रूनोचे बालपण आता परत आणता येणार नाही, परंतु जाड कुत्र्याचे वजन सहा-सात टक्क्यांनी उतरले तरी लंगडणे मोजण्याइतके कमी होते असे दिसून आले आहे. त्याच्या बाबतीत हे अडीच किलो होतात, आणि महिन्याला एक किलोच्या बेताने उतरवले तर ते अडीच-तीन महिन्यांत साधते.

त्यासाठी त्याला उपाशी ठेवायचे नाही आणि प्रथिनेही कमी करायची नाहीत. म्हाताऱ्या कुत्र्याला मांस-अंडी जड जातात म्हणून नुसत्या दहीभातावर किंवा दूधपोळीवर ठेवणे ही आपल्याकडची फार पसरलेली समजूत आहे आणि तिने स्नायू आणखी झडतात. मूत्रपिंडाचा आजार तपासणीत निघाला तरच आहार बदलायचा, तोही सांगितल्याप्रमाणे. पहिली कात्री चहाच्या वेळच्या ग्लुकोज बिस्किटांवर चालवा. एका लहान बिस्किटात सुमारे १८ ते २० कॅलरी असतात. सकाळ-संध्याकाळ यजमानांची पाच-पाच बिस्किटे म्हणजे ब्रूनोच्या दिवसभराच्या गरजेच्या जवळजवळ पाचवा हिस्सा होतो. ती सवय मोडणे ब्रूनोपेक्षा यजमानांना जड जाईल, म्हणून बिस्किटाच्या जागी काकडीची चकती किंवा उकडलेल्या दुधी भोपळ्याची फोड द्या. देण्यातला आनंद तोच राहतो. कांदा, लसूण, द्राक्षे आणि बेदाणे यांना मात्र कोणत्याही निमित्ताने हात लावू देऊ नका.

लघवीविषयी मला आणखी एक माहिती लागेल आणि ती तुम्हीच देऊ शकता : तो दिवसाला किती पाणी पितो? मोजण्याच्या भांड्याने पाणी भरा, चोवीस तासांनी उरलेले मोजून वजा करा, असे तीन दिवस करा. किलोमागे १०० मिलिलिटरच्या वर, म्हणजे त्याच्यासाठी दिवसाला साधारण पावणेचार लिटरच्या वर पाणी जात असेल, तर मधुमेह, मूत्रपिंड, यकृत किंवा मूत्रपिंडाजवळच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा विकार शोधावाच लागतो. क्रिएटिनिन सामान्य आले म्हणून मूत्रपिंड ठणठणीत आहे असे समजू नका. मूत्रपिंडाचे सुमारे तीन-चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत ते वाढतच नाही, त्याआधी लघवीचा दाटपणा बोलतो. पाणी नेहमीइतकेच पीत असेल आणि लघवी दाराजवळच होत असेल, तर माझा अंदाज असा की त्याला बाहेर जायचे असते, तो दारापर्यंत येतोही, पण जिन्याच्या विचाराने किंवा तुम्ही झोपेत असल्यामुळे तो तिथेच अडतो. झोपलेल्या जागी गादी ओली होत असेल तर ते निराळे, ते त्याच्या नकळत होते. कोणत्याही परिस्थितीत त्याला रागावू नका आणि लघवी होते म्हणून रात्रीचे पाणी काढून घेऊ नका. जाता जाता, ज्यांच्या घरी गर्भाशय न काढलेली म्हातारी कुत्री आहे त्यांच्यासाठी : माज येऊन गेल्यानंतरच्या एक-दोन महिन्यांत ती अचानक खूप पाणी पिऊ लागली आणि जेवेनाशी झाली, तर त्याच दिवशी सोनोग्राफी करून घ्या. गर्भाशयात पू झालेला असू शकतो आणि तिथे आठवड्याची वाट पाहणे जिवावर बेतते.

रात्रीच्या येरझारा हे मेंदूच्या म्हातारपणाचे लक्षण असू शकते. कॅलिफोर्नियातील एका अभ्यासात ११-१२ वर्षांच्या कुत्र्यांपैकी २८ टक्के आणि १५-१६ वर्षांच्यांपैकी ६८ टक्के कुत्र्यांत अशी किमान एक खूण आढळली होती. दाराच्या बिजागरीच्या बाजूला जाऊन उभे राहणे, कोपऱ्यात शिरून मागे येता न येणे, ओळखीच्या माणसाकडे पाहून शेपूट न हलवणे, दिवसा झोप आणि रात्री जागरण, अशी त्याची रूपे असतात. ब्रूनोच्या बाबतीत यांतले फक्त जागरण तुम्ही लिहिले आहे, आणि त्यासोबत धापा आहेत. दिवसभर कशात ना कशात मन रमलेल्या कुत्र्याला दुखणे रात्रीच्या शांततेत अधिक जाणवते, पडून राहिल्याने सांधे आखडतात, मग तो उठतो, फिरतो, पुन्हा बसतो. म्हणून माझा सल्ला असा की दोन आठवडे दुखण्याचे उपचार नीट करावेत आणि त्यानंतरही येरझारा राहिल्या तरच मेंदूच्या औषधांकडे वळावे. सेलेजिलिनसारखी औषधे आहेत, पण ती लागू पडायला महिनाभर तरी लागतो. तोवर पॅसेजमध्ये रात्रभर मंद दिवा ठेवा, झोपण्याआधी अकराच्या सुमारास लघवी करवून आणा, आणि संध्याकाळी त्याच्या नाकाला काम द्या : जेवणातले थोडे दाणे जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवून शोधायला लावा. पाय थकले तरी म्हाताऱ्या कुत्र्याचे नाक बराच काळ शाबूत असते, आणि पंधरा मिनिटे हुंगून शोधण्याने तो जितका तृप्त होऊन झोपतो तितका तासभर फिरवूनही होत नाही.

घोगऱ्या आवाजाचा उल्लेख तुम्ही ओझरता केला आहे, माझी नजर मात्र तिथेच अडकली. म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरमध्ये स्वरयंत्राचे झाकण उघडणारे स्नायू लुळे पडण्याचा विकार बऱ्यापैकी आढळतो. आवाज बदलतो, श्वास आत घेताना घरघर होते, पाणी पिताना ठसका लागतो, आणि मुळात हा मज्जातंतूंचा विकार असल्यामुळे त्याचाच भाग म्हणून मागचे पायही हळूहळू अशक्त होतात. ब्रूनोच्या धापा, पाय आणि आवाज या तिन्हींना जोडणारा हा धागा असू शकतो, म्हणून तपासणीच्या वेळी तो विषय स्वतःहून काढा. यासाठी हलकी भूल देऊन घसा पाहावा लागतो; स्थानिक दवाखान्यात सोय नसेल तर शिरवळ किंवा परळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात विचारता येईल. निदान होईपर्यंत गळ्यातला पट्टा काढून छातीवरचा पट्टा वापरा, आणि मार्च ते जून सकाळी सातनंतर व संध्याकाळी सातपूर्वी त्याला बाहेर नेऊ नका, कारण कुत्र्याचे शरीर मुख्यतः धापा टाकूनच थंड होते आणि घसाच उघडत नसेल तर पुण्यातला उन्हाळाही त्याला पेलत नाही. श्वास घेताना त्याची जीभ निळसर झाली तर ओल्या कपड्याने अंग पुसत, पंखा लावून, तडक दवाखाना गाठा. तो गाढ झोपेत असताना छातीचे वर-खाली होणे एका मिनिटात किती वेळा होते तेही मोजून लिहून ठेवा. हा आकडा सातत्याने ३० च्या वर जात असेल तर हृदय आणि फुप्फुसेही तपासायला हवीत.

नातवावर तो गुरगुरला याचा तुम्हाला धक्का बसला, ते समजू शकतो. चार वर्षांच्या मुलाचे वजन १५-१६ किलो असते आणि ते मागून येऊन दुखऱ्या मानेवर पडले, शिवाय ब्रूनोला कमी ऐकू येत असेल तर ते येताना त्याला कळलेही नसेल. गुरगुरून त्याने सांगितले, चावला नाही, आणि त्याबद्दल त्याला शिक्षा झाली तर पुढच्या वेळी तो न सांगता चावेल. नातवाला एवढेच शिकवा की ब्रूनो झोपलेला असला की त्याला हात लावायचा नाही, त्याच्या समोर येऊन जमिनीवर पाय आपटायचा आणि तो उठून आला की मगच लाड करायचे. दोघे एका खोलीत असतील तेव्हा कोणीतरी मोठे माणूस तिथे हवेच, कुत्रा कितीही गुणी असला तरी.

'आता पुरे' कसे ओळखावे, हा तुमचा शेवटचा प्रश्न. ब्रूनोला आयुष्यात ज्या पाच गोष्टी सर्वांत आवडतात त्या आजच एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा. त्या तुमच्या घरच्या हव्यात : यजमानांची गाडी खाली थांबल्याचा आवाज ऐकून दाराशी जाणे, नातवाच्या ताटाखाली बसणे, गॅलरीतून खालच्या मांजरावर नजर ठेवणे, असे काहीही. शेजारी कॅलेंडर ठेवा आणि रोज रात्री दिवस चांगला गेला असेल तर बरोबरची, वाईट गेला असेल तर फुली करा, आणि ती खूण एकाच माणसाने रोज करू नये, कारण प्रत्येकाला त्याच्या मनासारखे दिसते. उपचार चालू असताना सलग दोन-तीन आठवडे फुल्या जास्त होऊ लागल्या, पाचांतल्या तीन-चार गोष्टी सुटल्या, तो स्वतःहून जेवेनासा झाला, दुखणे औषधांनी आवरेना, किंवा श्वासासाठी झगडू लागला, तर दयामरणाविषयी पशुवैद्यांशी बोलण्याची वेळ झाली असे समजावे. श्वासाचा त्रास असेल तर वाट पाहू नये. बहुतेक माणसांना नंतर पश्चात्ताप होतो तो लवकर केल्याचा नसतो, आठवडाभर उशीर केल्याचा असतो. निदान माझ्यापाशी येऊन बोललेल्यांचे तरी असेच आहे. ही गोष्ट घरी, त्याच्या गोधडीवर करता येते. आधी गुंगीचे इंजेक्शन देतात, तो झोपला की शिरेतून भुलीच्या औषधाची मोठी मात्रा देतात आणि काही मिनिटांत हृदय थांबते. डोळे उघडेच राहतात, नंतर एखादा उसासा निघू शकतो किंवा लघवी होऊ शकते; हे आधी माहीत नसले तर माणसे घाबरतात, म्हणून सांगितले. त्या दिवशी नातवाला 'ब्रूनो झोपला' असे सांगू नका. लहान मुले मग स्वतः झोपायला घाबरतात. अंत्यविधीची सोय महापालिकेच्या हद्दीत कुठे आहे, तेही शांतपणे आधीच विचारून ठेवलेले बरे.

परंतु तुमच्या पत्रातला ब्रूनो त्या टप्प्यावर आलेला मला दिसत नाही. त्याने जेवण टाकल्याचे तुम्ही लिहिलेले नाही, तो दारापर्यंत लघवीला येतो आहे, अर्ध्या गोळीने चालू लागतो आहे. या आठवड्यात रस्ता अंथरा, नखे कापा, पाणी मोजा, चित्रफिती काढा आणि वेळ ठरवून त्याला तपासायला न्या. नेताना सकाळची पहिली लघवी सोबत न्यायला विसरू नका. भाजीचा जुना, लांब दांड्याचा डाव गरम पाण्याने स्वच्छ धुऊन वाळवा, सकाळी त्याला खाली नेल्यावर त्याच्या बाजूने, तो पाहणार नाही अशा बेताने उभ्या राहा, धार सुरू झाली की पहिला भाग जाऊ द्या आणि मग डाव पुढे सरकवा. दोन चमचे मिळाली तरी पुरते. ती झाकणाच्या स्वच्छ बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा, बाटलीवर मोठ्या अक्षरांत 'ब्रूनो' असे लिहा, आणि तीन-चार तासांच्या आत दवाखान्यात पोहोचवा. यजमानांच्या गोळीचे रिकामे पाकीटही सोबत असू द्या.